डावीकडची सहावी बरगडी

८ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण चौथ्या वाक्याला भांडतो आणि पाचव्याला तू फोन ठेवतेस. पत्रही ठेवून देता येतं, पण निदान वाचून झाल्यावर.

विषय देवमाशाचा आहे. लगेच तोंड वाकडं करू नकोस. कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये साठ फुटांचा सांगाडा टांगलाय तो मी उभा केला, हे तुला ठाऊकच आहे. अडतीस वर्षांपूर्वी तो किनाऱ्यावर येऊन मेला, तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत होतो आणि बेडूक फॉर्मॅलिनमध्ये बुडवत होतो. ते पगाराचं काम. देवमासा मात्र सुट्ट्यांमध्ये, माझ्या शेडमध्ये, माझ्या हातांनी. सात वर्षं लागली. एवढं धूड ठेवायला जागा कुणाकडे असणार, म्हणून त्यांच्या हॉलमध्ये टांगला. आता नवे प्राचार्य म्हणतात, तो कॉलेजचाच. कवटी नव्या इमारतीच्या दारात लावायची आणि बाकीची हाडं सुटी करून ज्याला हवी त्याला विकायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी दावा लावला, की तो कॉलेजचा नाही आणि त्याचे तुकडे करू नयेत. निकाल लागेपर्यंत कुणी हाडाला हात लावायचा नाही, असा मनाई हुकूम मिळालाय. तोवर तो अखंड आहे.

पण कोर्टाच्या चौतीस पायऱ्या मला आता झेपत नाहीत, आणि इथल्या डोंगरावरच्या हवेची अशी सवय लागलीय की खाली यायला नको वाटतं. वकीलबाई म्हणतात, चालू दाव्यातसुद्धा आपला हक्क दुसऱ्याला देता येतो. कोर्टाने परवानगी दिली की तो माणूस आपल्या जागी उभा राहतो आणि खटला आहे तिथून पुढे चालतो. मी नसलो तर थोरल्याची मुलं, मधल्याची मुलं, असे सात जण हक्क सांगत उभे राहतील आणि कॉलेज त्यांना एकेक करून गाठेल. मग देवमाशाचे तुकडे व्हायला कितीसा वेळ. म्हणून तुझं नाव घातलंय.

कागद मी स्वतः लिहिलाय, एकाच ओळीचा: ‘हा खटला मी माझ्या धाकट्या बहिणीला देत आहे.’ खाली सही कर आणि वकीलबाईंकडे पोचव.

दादा


१९ जानेवारी

दादा,

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तू तर घोड्याच्या जागी देवमासा धाडलास. इथे शाळेचे दोनशे गणवेश कापून पडलेत, काज-बटणं करणारी मुलगी आठवडाभर आलेली नाही, माझा गुडघा जिना चढताना वाजतो, आणि हा म्हणतो कोर्टात उभी राहा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तू चौतीस चढून वर बसलास आणि आता मला हाक मारतोस.

आणि कुणासाठी? हे गेले त्या दिवशी मी दारात तुझी वाट बघत बसले होते. तू तिसऱ्या दिवशी आलास. अंगाला त्या हाडांच्या तेलाचा वास येत होता. नंतर कळलं की त्या दिवशी तू कवटी वर चढवत होतास. माझं घर बसलं आणि तुझा मासा उभा राहिला. मी कधी बोलले नाही, आज लिहितेय. ते कॉलेज माझ्या दुकानापासून दोन बसथांब्यांवर आहे. तीस वर्षांत त्या हॉलमध्ये पाऊल टाकलेलं नाही.

तरी सही केली. का, ते विचारू नकोस. फक्त एक कबूल कर: दावा माझा झाला की पुढे काय करायचं ते मी ठरवीन. उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत.

धाकटी


२९ जानेवारी

धाकटे,

कबूल. शेळ्या तुझ्या, उंटही तुझा.

त्या दिवसाबद्दल सफाई देत नाही. बारा माणसांच्या हातात दोर होते आणि कवटी अर्ध्यावर लटकलेली होती. मी गेलो असतो तर ती खाली पडली असती. मी न गेल्याने काय पडलं, ते मला आज कळलं. माझं चुकलं.

आता तुझा झालाच आहे, तर एकदा बघून ये. हाकत नाहीये, सुचवतोय. सकाळी अकराला जा, तेव्हा पूर्वेच्या उंच खिडक्यांतून ऊन सरळ पाठीच्या कण्यावर पडतं. तोंडाकडून सुरुवात करू नकोस, सगळे तिथेच अडकतात. शेपटीकडून चालत ये. शेवटचा मणका सुपारीएवढा आहे. पुढचा लिंबाएवढा, मग नारळाएवढा, आणि पोटाजवळ आलीस की एकेक मणका तुझ्या शिलाई मशीनएवढा. आधी ही हाडं दोन वर्षं वाळूत पुरून ठेवली होती, किड्यांनी साफ केली. मग धुतली, मग उन्हात. कितीही वाळवली तरी आतून तेल पाझरत राहायचं. वर्षानुवर्षं. मेल्यावरसुद्धा त्याच्यात एवढा समुद्र शिल्लक होता.

जेवणाच्या आधी जा. नंतर तुला झोप येते.

दादा


१५ फेब्रुवारी

दादा,

काल तारीख झाली आणि तुझा कागद परत आला.

कॉलेजच्या वकिलांनी तो हातात घेतला, एकदा वाचला आणि हसले. कुत्सित नाही, एखाद्याचं बटण चुकीच्या काजात बघून आपण हसतो तसं. ते म्हणाले की या कागदात देवमासा कुठे आहे? यात नुसता खटला दिलाय, आणि नुसतं भांडण काही कुणाला देता येत नाही. वस्तूवरचा हक्क देता येतो, मग भांडण त्याच्यामागून आपोआप येतं. शिवाय, ते म्हणाले, हे गृहस्थ एकतीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलेत की देवमासा कुणाचाच नाही. जो कुणाचा नाही तो देणार कसा?

न्यायाधीश शांत माणूस आहेत. त्यांनी नवा कागद आणायला दहा मार्चपर्यंत मुदत दिली. तेव्हा दोन ओळी सरळ लिही: देवमासा माझा आहे, तो मी बहिणीला देतो, दाव्यासकट. दहा मार्चला हे नसेल तर अर्ज फेटाळला जाईल आणि तू आणि तुझ्या चौतीस पायऱ्या.

हॉलमध्ये जायला वेळ झाला नाही.

धाकटी


२३ फेब्रुवारी, दु. ४.१०

धाकटे,

अक्षर बघून दचकू नकोस. चष्मा फुटलाय, म्हणून शेजारच्या बाई लिहून देतायत. त्या फार बोलत नाहीत, हे बरं आहे.

‘माझा’ असं मला लिहिता येणार नाही. वकीलबाईंना राग येईल, तुलाही येईल. पण कारण ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तो किनाऱ्यावर आला तेव्हा मेलेला नव्हता. गर्दी नंतर जमली, त्याआधी सकाळी तिथे मी एकटाच होतो. ओहोटी लागलेली होती. आधी मला वाटलं की एखादी बोट उलटून पडलीय. जवळ गेलो आणि डोळा दिसला. माझ्या मुठीहून मोठा, उघडा, आणि माझ्याकडे बघणारा. मला पळता येईना आणि जवळही जाता येईना. मग त्याने श्वास सोडला. धाकटे, पायाखालची वाळू हलली. ती वाफ माझ्या अंगावर आली, गरम, ओली, माशाच्या वासाची, डोक्यापासून पायापर्यंत भिजलो. मी पुढच्या श्वासाची वाट बघत उभा राहिलो. तो आलाच नाही.

मी काही देवभोळा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण त्या दिवशी मी चपला काढून उभा होतो आणि कधी काढल्या ते मला आठवत नाही. ज्याचा शेवटचा श्वास अंगावर घेतला त्याला माझं गाठोडं असल्यासारखं ‘माझा’ कसं लिहू? मी त्याची हाडं फक्त गोळा केली. एवढा मोठा जीव, त्याचं नीट व्हावं, म्हणून.

दुसरं काही लिहून चालत असेल तर विचार.

दादा


३ मार्च

दादा,

मला दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत. मध्येच पत्र ठेवू नकोस.

पहिली. मी सही का केली, ते विचारू नकोस म्हटलं होतं. कारण असं की मला हे प्रकरण संपवायचं होतं. दावा माझा झाला की प्राचार्यांशी तडजोड करायची, त्यांना हवी ती कवटी देऊन टाकायची आणि बदल्यात तुझ्या नावाची पाटी लावून घ्यायची, असं मनात होतं. तुला पायऱ्यांचा त्रास नको आणि मला माशाचा. प्राचार्यांना मी दोनदा भेटून आले. सव्वीस तारखेला ते म्हणाले, हॉलमध्येच बसू, मसुदा तयार आहे, नंतर कोर्टाची परवानगी आली की झालं. मी तुझं तेवीसचं पत्र पिशवीत घालून निघाले होते. वाचलं नव्हतं. पुन्हा सूचना असतील असं वाटलं.

प्राचार्यांना यायला उशीर झाला. अकरा वाजलेले. हॉलमध्ये मी एकटीच. मी मुद्दाम खाली बघत होते, फरश्या मोजत होते. तर फरशीवर जाळी पडली. उन्हाची आणि सावलीची पट्ट्यापट्ट्यांची जाळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मी तिच्या मध्ये उभी. तेव्हा कळलं की मी त्याच्या बरगड्यांच्या आत उभी आहे. मग मान वर केली.

दादा, मी चाळीस वर्षं माणसांची मापं घेतेय. खांदा, छाती, बाही. समोर आलेल्या माणसाचं माप मला टेप न लावता कळतं. तिथे माझं डोकं बंद पडलं. कुठून माप घ्यायचं? मी शेपटीकडून चालत आले, तू म्हणाला होतास तशी. पाठीचे मणके मोजत आले आणि चाळिसाव्या मणक्याला आकडा विसरले. मग तो पंख दिसला, पुढचा, आणि मी खुर्चीवर बसलेच. त्याला बोटं आहेत. तू कधी सांगितलं नाहीस. चार बोटं, त्यांना पेरं, मनगट, कोपर. फक्त अंगठा नाही. मी माझा हात वर केला आणि त्याच्या हाताखाली धरला. काय सांगू, तोच हात. समुद्रात एवढा खोल जाणारा एवढा मोठा जीव, आणि आत मोजा घातल्यासारखा आपलाच हात. आणि मागे, जिथे पाय असायला हवेत तिथे, दोन एवढीशी हाडं नुसती तारेवर लटकवलेली. कशालाच न जोडलेली. कधीकाळी चालत होता, त्याची खूण. मला रडू आलं. का, ते मला अजून सांगता येत नाही.

तेव्हा बाहीवर काहीतरी पडलं. वर पाहिलं, पाणी कुठे नव्हतं. वास घेतला. तोच वास, जो तू तिसऱ्या दिवशी घेऊन आला होतास. अडतीस वर्षांनंतर त्याच्या हाडातून थेंब पडला आणि माझ्या बाहीवर डाग पडला. तेलाचा डाग जात नाही, मला विचार. मी तो ब्लाउज धुतलेला नाही.

मग तुझं पत्र फोडलं आणि त्याच्याखाली बसून वाचलं. प्राचार्य आले तोवर माझं ठरलेलं होतं. मसुद्यावर सही केली नाही.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या पाकिटावर रुग्णालयाचा शिक्का आहे. ‘शेजारच्या बाई’ तारीख घालताना वेळही लिहितात, नर्स लिहितात तशी. चष्मा फुटलेला नाही. हवेची सवयही नाही. तू चौतीस पायऱ्यांचं कारण काढलंस आणि मी कामचुकार म्हणून तुला मनात शिव्या घातल्या. मी रागावणार आहे, पण दहा मार्चनंतर.

आणि ‘माझा’ लिहिता येत नाही म्हणतोस, तर एक सांगते. तू म्हटलं नाहीस म्हणून तो कुणाचाच राहिला, असं झालं नाही. जो पहिला म्हणेल त्याचा झाला. प्राचार्यांना म्हणायला जरासुद्धा जड गेलं नाही. तू चपला काढून उभा होतास म्हणूनच तुला म्हणायला हवं. आज लिही. मी त्याच्या हाताखाली हात धरलाय, आता तो तुकड्यातुकड्याने जाताना मला बघवणार नाही.

धाकटी


७ मार्च

धाकटे,

हे माझ्या हाताने लिहितोय. वेळ लागतोय. कागद घे.

‘अडतीस वर्षांपूर्वी किनाऱ्यावर मेलेला देवमासा मी नगरपालिकेच्या परवानगीने उचलला. परवानगी माझ्या नावाची आहे, मूळ कागद सोबत जोडला आहे. त्याची हाडं मी काढली, धुतली, वाळवली आणि जोडली. कॉलेजला मी फक्त टांगायला जागा मागितली होती. देवमासा माझा आहे. तो मी माझ्या धाकट्या बहिणीला देत आहे, आहे तसा, त्याच्या दोषासकट, आणि त्याच्यासाठी चाललेला दावाही देत आहे.

दोष असा: डावीकडची सहावी बरगडी त्याची नाही. ती भरतीत वाहून गेली, मी तीन महिने शोधली. मग उजवीकडची समोर ठेवून लाकडाची केली आणि चहाच्या पाण्यात रंगवली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण माझ्या हातून त्याचं एक हाड हरवलं याची मला लाज वाटते.’

वकीलबाई म्हणाल्या होत्या की घेणाऱ्याला वस्तू दोषासकट मिळते. म्हणून लिहिलं. तुला फसवून द्यायचा नाही.

‘माझा’ हा शब्द लिहिलाय, तो दोनदा वाचून बघितला.

दादा


२४ मार्च

दादा,

नीट बसून वाच. नर्सबाई, तुम्ही वाचून दाखवत असाल तर सावकाश वाचा.

दहा तारखेला कॉलेजच्या वकिलांनी पुन्हा उभं राहून सांगितलं की सांगाड्याची तपासणी त्यांच्या प्राध्यापकांनी केलीय, हाड न् हाड खरं आहे असं प्रतिज्ञापत्र कोर्टात आधीच दिलंय, तेव्हा ही लाकडी बरगडी म्हणजे म्हाताऱ्याची कल्पना. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग म्हणाले, आपण बघूनच येऊ.

सोळा तारखेला सगळे हॉलमध्ये. न्यायाधीश आत आले आणि दारातच थांबले. त्यांच्या हातात फाइल होती, ती त्यांनी तशीच छातीशी धरून ठेवली. त्यांनीही पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. मग शिडी मागवली आणि स्वतः चढले. पाचव्या बरगडीवर बोटाने टकटक केली. सातवीवर केली. मग सहावीवर. दादा, दार वाजवल्यासारखा आवाज आला. खालपर्यंत ऐकू आला.

शिडीवरूनच त्यांनी प्राचार्यांना विचारलं, “एकतीस वर्षं हा तुमच्या छताखाली आहे. यातलं एक हाड लाकडाचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

न्यायाधीश खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, “ज्याने केलाय त्याला माहीत होतं.”

त्याच दिवशी परवानगीचा हुकूम झाला. तुझं नाव खोडून वादी म्हणून माझं घातलं. चार दिवसांनी कॉलेजचे वकील आपणहून तडजोडीला आले, आणि या वेळी मसुदा मी सांगितला: देवमासा माझा, हॉल त्यांचा. तो अखंड राहील, आहे तिथेच राहील, आणि बघायला येणाऱ्या कुणालाही दार उघडं असेल. काल कोर्टाने त्यावर शिक्का मारला. खटला संपला.

ज्या दोषाची तुला एकतीस वर्षं लाज वाटली, त्यानेच तो वाचला.

धाकटी


३० मार्च

मालकीणबाई यांस,

खाली सही करणारा एक जुना ओळखीचा इसम आपला देवमासा बघू इच्छितो. इसमास चालता येत नाही, डॉक्टर नाही म्हणतात, आणि दिवस फार हाताशी आहेत असंही नाही. परवानगी असावी.

दादा


३ एप्रिल

दादा,

परवानगी आहे. डॉक्टरांशी मी बोलले, ते आता हो म्हणतात. (मी काय बोलले ते विचारू नकोस.) बारा तारखेला गाडी येईल. चाकाची खुर्ची हॉलमध्ये आणून ठेवलीय. अकरा वाजता. झोपू नकोस.

धाकटी


१६ एप्रिल, सायं. ५.३०

धाकटे,

बाई लिहून घेतायत. मी डोळे मिटून सांगतोय, म्हणजे पुन्हा दिसतो.

तू खुर्ची शेपटीपासून ढकलत नेलीस. मला मान वर धरवेना, म्हणून तू मागून दोन्ही हातांनी धरलीस. तेव्हा मी काहीच बोललो नाही आणि तुला वाटलं की मला त्रास होतोय. तसं नव्हतं.

एकतीस वर्षं मी त्या हॉलमध्ये गेलो, की आधी तारा बघायचो. मग खिळे. मग सहावी बरगडी, तिचा रंग उडाला का. मग धूळ. ‘माझा’ म्हणायला लाजत होतो, पण बघत होतो मालकासारखाच. बारा तारखेला माझ्याकडे त्यातलं काही नव्हतं. बघायचं सोडून दुसरं काही कामच नव्हतं. आणि धाकटे, तो किती मोठा आहे. मी त्याचं हाड न् हाड उचललंय, मला वजनं पाठ आहेत, तरी मला माहीत नव्हतं. ऊन कण्यावरून सरकत गेलं तेव्हा वाटलं की आता श्वास घेईल. मी वाट बघत बसलो होतो, त्या सकाळी बघितली होती तशीच. या वेळी भीती वाटली नाही. तुझे हात मानेखाली होते, कोमट, सुईने टोचून खरखरीत झालेले, आणि वर त्याचा हात होता. माझ्या चपला पायात नाहीत हे परत आल्यावर बाईंनी सांगितलं. त्या तिथेच कुठेतरी राहिल्या असतील. राहू देत.

मी आज फार सुखात आहे, एवढंच सांगायचं होतं.

शेपटीकडून तिसरी तार थोडी सैल झाली होती, ती बघायची राहून गेली. आता तू बघ.

दादा